चाई, बिब्बा आणि अण्णांचा दुखवटा

न्हाव्याची मशीन मानेवरून वर गेली, डाव्या कानामागं पोचली आणि बंद झाली. मला वाटलं लाइट गेली. पण डोक्यावरचा पंखा तर फिरत होता.

"साहेब," न्हावी हळूच म्हणाला, "हे कधीपासून हाय?"

"काय कधीपासून हाय?"

त्यानं मागं दुसरा आरसा धरला. चांगल्या दाट केसांत लिंबाएवढी गोल जागा साफ झालेली. खाज नाही, कोंडा नाही, दुखणं नाही. हात लावला तर तळहातासारखी गुळगुळीत.

"चाई लागली तुम्हाला," तो म्हणाला. "आत किडा असतो बघा. केस खात सुटतो."

मी नांदेडच्या बसस्टँडवर कंट्रोलर आहे. चौकशीच्या खिडकीत बसतो, गाड्या लावतो, माइकवर ओरडतो आणि दिवसातून शंभर वेळा 'देगलूर कधी लागंल' याचं उत्तर देतो. माझं तोंड खिडकीकडं असतं आणि पाठ ऑफिसकडं. म्हणजे ती चाई माझ्याखेरीज सगळ्या ऑफिसानं बघितलेली. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "पंधरा दिवस झाले की. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आसंल."

मी तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणालो, "माझ्या डोक्यावर साप बसला असता तरी तुम्ही पंधरा दिवस गप बसला असता का?"

"साप आसता तर सांगितलं आसतं," ते म्हणाले आणि परत रजिस्टरात घुसले.

एरवी मी एवढा भडकलो नसतो. पण लेकीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं आणि माझी झोप आधीच उडालेली होती. त्याचं कारण होतं आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. तिला लातूरला दिलेली. सातवीनंतर मी शिकायला तिच्याच घरी होतो. पाच वर्षं तिनं मला पोटच्या पोरांपेक्षा जास्त मारलं आणि पोटच्या पोरांपेक्षा जास्त खाऊ घातलं. तिच्याशिवाय माझ्या लेकीला हळद लागायची, ही गोष्ट मला काही केल्या पटत नव्हती. आणि अण्णा अन् आत्या नऊ वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं असं. आत्याचे मालक वारले त्या दिवशी अण्णांचं सोयाबीन कापून रानात पसरलेलं होतं आणि आभाळ भरून आलेलं. ढीग करून, गंज झाकून निघतो म्हणाले. त्यात गाडी चुकली. लातूरला पोचले तेव्हा माणसं माती देऊन, आंघोळी करून घराकडं परतली होती. आत्यानं दारातच, सगळ्या भावकीसमोर त्यांना सुनावलं, "सोयाबीन झाकून आलास न्हवं? जा मग त्याच्याचपाशी. तुझ्या मातीला मी येणार न्हाई!" अण्णा तिथूनच उलटे फिरले. घोटभर पाणीसुद्धा प्याले नाहीत. दोघंही एकाच आईची लेकरं, कोण कुणाचं ऐकणार!

लग्न ठरल्यावर मी तीनदा लातूरला जाऊन आलो. आत्या माझ्या पुढ्यात चहा-पोहे ठेवायची, नातीसाठी घेतलेली साडी दाखवायची आणि म्हणायची, "मी यीन रं. पण दादानं सोता माझ्या दारात यिऊन बोलवायचं." तेच देगलूरजवळच्या आमच्या गावाकडं जाऊन सांगितलं की अण्णा म्हणायचे, "मी गेलो हुतो एकदा तिच्या दारात. तिनं हाकललं. आता तिनं यायचं." मी लातूर-नांदेड-देगलूर असा नुसताच फिरून राहिलो होतो. गाड्या माझ्या ताब्यात होत्या, माणसं नव्हती.

त्यात ही चाई. आणि चाई अशी चीज आहे, की तिच्यावर औषध माहीत नसलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. पहिला उपाय निघाला कांद्याचा. कांदा चिरून सकाळ-संध्याकाळ चोळायचा. आठ दिवस चोळला. खिडकीत येणारी माणसं आधी नाक वर करायची, मग इकडं-तिकडं बघायची. एक बाई तर गाडीचं विचारायचंच सोडून म्हणाली, "साहेब, भजी कुठं तळून राहिले?"

केस काही आले नाहीत. उलट माथ्यावर दुसरी चाई निघाली आणि तिसरी कुठं निघावी? मिशीत! डाव्या बाजूच्या बरोबर मधोमध. बारा वर्षांची राखलेली मिशी मधेच तुटली. आरशात बघितलं तर माझा मलाच राग आला.

मग आमचा एक ड्रायव्हर भेटला, किनवटकडचा, जंगलाची माहिती असलेला. तो म्हणाला, "कांद्यानं काय होतंय साहेब? किडा आत खोल बसलेला असतो. बिब्बा लावा. किडा जळून खाक." त्यानं मला दोन बिब्बे आणून दिले आणि कसं लावायचं तेही सांगितलं: दाभण तापवायची, बिब्ब्यात खुपसायची, वर जे काळं तेल सुटतं ते चाईवर लावायचं. एक थेंब लावा म्हणाला. मी चार लावले. लग्न तोंडावर होतं, मला घाई होती.

बिब्बा उतला. ज्यांचा कधी उतला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डोक्यावर फोड, कानाच्या पाळ्या लोंबायला लागल्या, एक डोळा बंद. खाज तर अशी, की भिंतीला डोकं घासत बसावं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतात. स्वतःच्या डोक्यात घालणारे तुम्हीच पहिले." माझा एक डोळा बंद होता म्हणून, नाहीतर मी तिच्याकडं रागानं बघितलं असतं.

तेव्हा कुठं मी चामडीच्या डॉक्टरकडं गेलो. तरुण बाई होती, माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं एक काच लावून डोकं बघितलं, मग मिशी बघितली, मग बिब्ब्याची हकिकत ऐकून पेन खाली ठेवलं.

"काका, यात किडा-बिडा काही नसतो," ती म्हणाली. "आपलंच शरीर आपल्याच केसांना परकं समजायला लागतं आणि त्यांच्यावर उलटतं. बऱ्याच जणांचे आपोआप परत येतात. कधी आधी पांढरे येतात, मग काळे होतात. तुम्ही जे लावलंत त्याच्या जखमा मात्र आधी बऱ्या कराव्या लागतील."

"पण होतं कशानं?"

"नक्की सांगता येत नाही. घराण्यात असतं कधी. काही जण सांगतात, टेन्शनमध्ये वाढलं. तुम्हाला आहे का काही टेन्शन?"

मग काय! मी त्या लेकराला अण्णा, आत्या, सोयाबीन, गाडी चुकली, सगळं सांगितलं. बाहेर पेशंटची रांग लागली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, "आपल्याच माणसाला परकं समजायचं म्हणता ना, ते तर आमच्या घराण्यातच आहे." ती हसली आणि मलम लिहून दिलं. मलम नीट लागावं म्हणून केस अगदी बारीक करून घ्या म्हणाली. बारीक, एवढंच ती म्हणाली होती. पुढं जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

न्हाव्यानं केस बारीक केले आणि डोकं उघडं पडलं. चाया एकूण पाच निघाल्या, वर बिब्ब्याचे डाग. तो म्हणाला, "साहेब, आता गोटाच करून टाका. सगळं एका मापात येतंय आन् नवे केस बी दाट येतात." माझा जीव इतका बेजार झाला होता की मी म्हणालो, कर. डोकं झालं. मग त्याचं लक्ष मिशीकडं गेलं आणि वस्तरा धरलेला हात थांबला.

"वडील हायत ना तुमचे?"

"हायत. ठणठणीत हायत."

"मग मिशी न्हाई काढत. बाप जित्ता असताना मिशी काढू न्हाई."

बरोबर होतं त्याचं. आमच्याकडं डोकं आणि मिशी एकदम उतरते ती आई नाहीतर बाप गेल्यावरच. नाहीतर तिरुपतीला. हे मला शेंबडा पोर असल्यापासून माहीत होतं. पण ती तुटकी मिशी आरशातून माझ्याकडं बघत होती आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझं डोकं फिरलं. "तुझी हाय का माझी? काढ म्हणतो ना!" मी असा ओरडलो, की बाकावर बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. न्हाव्यानं काढली.

घरी बायकोनं दार उघडलं आणि तिच्या हातातला डबा खाली पडला. "अहो, मिशी! मामंजी हायत ना अजून! गावाकडं कळलं तर?"

"कोण सांगायला चाललंय?"

"बाबा, फोटो!" लेक आतून रडवेल्या आवाजात म्हणाली. "अल्बममध्ये कसे दिसणार तुम्ही!"

चैत्र चालू होता. नांदेडचं ऊन उघड्या टाळूवर पडलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून मी कपाटातून पांढरी टोपी काढली आणि घाम पुसायला खांद्यावर मोठी पांढरी दस्ती टाकली. बायको काहीतरी बोलायला गेली, मी ऐकून घेतलं नाही. आता विचार करा. गुळगुळीत गोटा, मिशी गायब, नवी पांढरी टोपी, खांद्यावर पांढरी दस्ती, बिब्ब्यानं सुजलेले लाल डोळे. असा मी जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त वर्दळीच्या खिडकीत जाऊन बसलो.

पहिल्याच दिवशी मला काहीतरी वेगळं जाणवलं. लोक भांडत नव्हते. एरवी गाडी दहा मिनिटं लेट झाली तरी खिडकीची जाळी हालवणारी माणसं माझ्याकडं बघायची, हात जोडायची आणि गुमान बाजूला व्हायची. देगलूरकडचा एक म्हातारा गाडीचं न विचारताच जाळीतून माझ्या हातावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "धीर धरा. आपल्या हातात काय असतं?" मला भरून आलं. म्हटलं, नुसते केस गेले तर लोकांना किती कळवळा!

आमच्याकडं दुःखात असलेल्या माणसाला कुणी थेट विचारत नाही, कोण गेलं म्हणून. डोकं बघायचं, अंदाज बांधायचा आणि हात जोडायचे. माझी आई बारा वर्षांपूर्वी गेली तेव्हा लोकांनी मला असाच बघितलेला. आई तर गेलेलीच, मग उरलं कोण? त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. चार दिवस मी तिथं बसून अख्ख्या मुलखाचं सांत्वन घेतलं आणि मनातल्या मनात म्हणत होतो, माणसं चांगली असतात, आपणच उगीच त्यांच्यावर ओरडतो.

पाचव्या दिवशी, शनिवारी, देगलूर गाडीचा कंडक्टर आत आला. आवाज बारीक करून म्हणाला, "साहेब, दहाव्याला आम्हाला कळवलं न्हाई तुम्ही. काल तुमच्या गावाकडच्या बाया गाडीतच रडून राहिल्या होत्या."

"कुणाच्या दहाव्याला?"

त्यानं माझ्या टोपीकडं बोट केलं. माझा हात टोपीवर गेला, मग मिशीच्या जागेवर गेला आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अण्णाच होते. आवाज खणखणीत.

"काय रं, मला मारलंस व्हय?"

"अण्णा, तसं न्हाई, चाई..."

"सकाळपासून सोळा माणसं यिऊन गेली. मी वट्यावर दाढी करत बसलेलो. एक जण तर मला बघून पळाला! आन् मिशी काढलीस म्हणं? बाप जित्ता असताना? एवढी घाई झाली तुला?"

त्यांनी मला रविवारी सकाळच्या गाडीनं हजर व्हायला सांगितलं. मी हो म्हणालो आणि लगेच लातूरला आत्याला फोन लावला. बातमी देगलूरला गेली तशी लातूरलाही गेली असणार, दिवसाला किती गाड्या जातात ते मलाच माहीत. आत्यानं फोन कट केला. मी सहा वेळा लावला, तिनं सहाही वेळा कट केला. म्हटलं, संपलं. हिला वाटतंय भाऊ मेला आणि ती खरंच यायची नाही. नऊ वर्षांपूर्वी म्हणालेली, तसंच करून दाखवणार. मला अण्णांपेक्षा तिचाच जास्त राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

रविवारी गावात उतरलो तर आमच्या ओट्यावर ही गर्दी. खरं-खोटं कळूनसुद्धा माणसं यायची थांबली नव्हती. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तर असा माणूस बघून घ्यावा म्हणून येत होती. शेजारची वहिनी चहा करून करून दमली होती. अण्णांनी मला बघितलं, आधी गोटा, मग मिशी. एक शिवी दिली, मोठी. मग चाया बघितल्या आणि म्हणाले, "लई दुखतं का रं?"

"दुखत न्हाई अण्णा. नुसतं जातं."

"बस मग."

एव्हाना त्यांना मजा यायला लागली होती. येईल त्याला समोर बसवून ते विचारायचे, "खरं सांग, काय म्हणलास मी मेलो म्हणून कळलं तवा?" शेजारच्या गावचा एक जण म्हणाला, "म्हणलो, लई देवमाणूस हुता." त्यावर अण्णा म्हणाले, "जित्तेपणी तर कधी म्हणला न्हाईस. गेल्या साली पाण्याच्या पाळीवरून माझ्या अंगावर धावून आला हुतास." सगळे हसले. तोही हसला. अण्णा पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि मी त्यांच्या मागं गेलो, कारण आत्याला एक फोन तरी करा, हे मला त्यांना सांगायचं होतं.

तेवढ्यात वेशीकडून आवाज आला.

"माझ्या दादाऽऽ रं..."

गळा काढून रडणं शहरात आता राहिलं नाही. आमच्याकडं माहेरवाशीण गावाच्या शिवेपासून रडत येते आणि रडता रडता गेलेल्याचं सगळं आयुष्य बोलून दाखवते. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मी तो आवाज ओळखला. पाच वर्षं त्याच आवाजानं मला झोपेतून उठवलं होतं. मी बाहेर पळायला लागलो, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. दाराआड, अंधारात.

"थांब," ते म्हणाले.

"अण्णा, बिचारीला सांगतो तरी!"

"थांब म्हणलं न्हवं. बोलू दे तिला."

आवाज गल्लीत आला. "मला हिरीत पवायला शिकवलंस रं दादा... साळंला जाताना खांद्यावर घेतलंस रं... जत्रंतून माझ्यासाठी बांगड्या आणल्यास आन् सोता अनवाणी आलास रं..." मधेच ती खोकली, श्वास घेतला आणि परत सुरू झाली. "तापट हुतास, तोंडाचा फाटका हुतास, पर तुझ्यासारखं कोण हाय रं... एका सोयाबीनपायी मी तुला दारातून माघारी धाडलं रं... पानी सुदीक पिऊ दिलं न्हाई रं दादा... आता कुनाला पाजू..."

अण्णांनी माझं मनगट आणखी घट्ट धरलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

ओट्यावरच्या कुणाचीच बोलायची छाती झाली नाही. आत्या अंगणात आली, दोन्ही हातांत एक मोठं गाठोडं. मला दारात बघितलं आणि रडणं थांबवून माझ्यावरच घसरली. "तू! तुला म्या हातानं घास भरवला आन् माझ्या भावाचं तोंड बघायला एक फोन केला न्हाईस? आता वर फोन लावतोस? कशाला उचलू?"

"आत्या, ऐक..."

"काय ऐकू!"

अण्णा माझ्या मागून पुढं आले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

आत्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पुढं आली, दोन्ही हातांनी अण्णांचं तोंड धरलं, गाल चाचपले, कान चाचपले. आणि मग एक धपाटा दिला त्यांच्या दंडावर, असा की ओट्याच्या पलीकडं ऐकू गेला.

"जित्ता हाईस! आन् मी समद्या गावातून रडत आले!"

"लई चांगलं रडलीस," अण्णा म्हणाले.

तिनं आणखी दोन धपाटे दिले आणि मग तिथंच जमिनीवर बसून खरं रडली, आवाज न करता. मी पाण्याचा तांब्या आणला. अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तिच्यापुढं धरला. तिनं अर्धा प्याला आणि उरलेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानंच पिऊन टाकला.

थोड्या वेळानं अण्णांनी गाठोड्याकडं बोट केलं. "काय आणलंस?"

आत्या ओशाळली. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. नात्यागोत्यातली माणसं भाकरी-पिठलं करून आणतात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. तो पहिल्या दिवशीचा असतो. पण तिला कितवा दिवस आहे तेच माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला, आमच्यावर तर राग. म्हणून पहाटे उठून तिनं वीस ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं घोटलं, ठेचा केला आणि उदगीरला गाडी बदलून, सत्तर वर्षांची बाई, ते ओझं मांडीवर घेऊन आली. "दिवस गेला तर गेला," ती म्हणाली. "माझ्या वाटचा घास मी घालणारच हुते."

अण्णा खाली मांडी घालून बसले. "वाढ मग."

"आरं, हे असलं जेवण! तुझ्याच नावाचं!"

"माझ्या नावाचं हाय तर मीच खानार की. वाढ."

तिनं वाढलं. दुसरं काय करणार? अण्णांनी भाकरी मोडली आणि जेवायला लागले. एक भाकरी संपली, दुसरी संपली. तिसरी घेतल्यावर आत्या म्हणाली, "समद्यांसाठी आणलं हुतं, तू एकटाच खाऊन राहिलास."

"मेलं कोण हुतं? मी का तू?"

ओट्यावर हशा पिकला. मग मीही ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. पिठल्यात मीठ जास्त होतं. तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

जेवण उरकत आलं तेव्हा आत्या हातातल्या भाकरीकडं बघत म्हणाली, "लातूरपासून इथवर एकच इचार हुता डोक्यात. म्हणलं, दादा गेला. आता मी भांडू कुनाशी?"

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "नातीचं लगीन हाय. मी सोता बोलवून राहिलो. ये, तिथं भांडू."

आत्या लग्नाच्या आठ दिवस आधी नांदेडला आली. गावाकडून अण्णा आधीच आलेले. रिक्षातून उतरल्या उतरल्या मांडवाचं तोंड कुठल्या बाजूला असावं यावरून दोघांचं असं वाजलं, की शेजारचे गॅलरीत आले. बायको घाबरून मला म्हणाली, "अहो, जा की, सोडवा." मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटून घेतलं आणि कित्येक महिन्यांनी दिवसाढवळ्या गाढ झोपलो.